व्यसन, मनाचा आजार आणि समदुःखी माणसांचे मंडळ



या पत्रकात आम्ही दर वेळी लावणीच्या तारखा, बेण्याची निवड, खताचा हप्ता, तोडणीचा क्रम यांविषयी लिहितो. यंदा विषय थोडा वेगळा घेतला आहे. उसाशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. ऊस वावरात चांगला उभा राहिला, काट्यावर वजन बरोबर भरले, बिलही वेळेवर निघाले, आणि ते बिल घरी पोचलेच नाही, तर त्या कास्तकाराच्या लेकराबाळांना आपल्या सहकाराचा काय उपयोग झाला?

गेल्या हंगामात पहिल्या उचलीच्या सुमारास एका सभासदाची कारभारीण हिशेबाच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. बराच वेळ बोलली नाही. गर्दी पांगल्यावर हळूच म्हणाली, "भाऊ, यंदाचं बिल त्यायच्या हाती देऊ नका. मंग आमी काय खावं?" नियम असा, की ज्याच्या नावावर शेअर आणि ऊस, त्याच्याच खात्यात पैसे. तसे तिला सांगितले. तिने पदराने तोंड पुसले आणि ती निघून गेली. तिचा नवरा पूर्वी दोनदा गेटवर झोकांड्या खात आला होता, तेव्हा आम्ही सारे हसलो होतो. ही गोष्ट आम्ही लपवीत नाही. त्या दिवशी मात्र कोणाला हसू आले नाही. नियम बरोबर होता, पण नियमाच्या पलीकडे तिला सांगण्यासारखे एक वाक्यही आमच्याजवळ नव्हते. ते उत्तर शोधता शोधता जी माहिती हाती लागली, ती येथे देत आहोत.

शपथ का टिकत नाही?

दारू सोडण्याची शपथ आपल्याकडे कोणी घेतली नाही असे नाही. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतात, बहिरमबुवाच्या पायरीवर घेतात, बायकोच्या माहेरच्या चार माणसांपुढे घेतात. त्या घटकेला माणूस खोटे बोलत नसतो. त्याला मनापासून सोडायची असते. पण आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग घरचे म्हणतात, "याले लाजच नाई." आणि तो स्वतःही मनात तेच म्हणतो.

येथेच आपली समजूत चुकते. बरीच वर्षे रोज दारू घेतल्यावर शरीराला आणि मेंदूला तिची सवय जडते. ती मिळाली नाही की हात कापतात, घाम सुटतो, झोप लागत नाही, जीव कासावीस होतो. एक घोट घेतला की बरे वाटते, आणि एका घोटावर थांबणे हेच त्याला जमत नाही. वैद्यकशास्त्र याला आजार मानते. चहाडखोरपणा किंवा आळस जसा स्वभावदोष असतो तसा हा नव्हे. आजार म्हटला की जबाबदारी संपते असेही नाही. मधुमेह झालेल्याने साखर सोडायची ती स्वतःलाच सोडावी लागते. पण मधुमेह झालेल्याला आपण चावडीवर शिव्या देत नाही, एवढे लक्षात घ्यावे.

केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्स संस्थेकडून २०१८ साली देशभर व्यसनांची पाहणी करवून घेतली. तिचा अहवाल २०१९ साली निघाला. सुमारे १६ कोटी माणसे दारू घेतात आणि त्यांतल्या ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे, असे त्यात दिसले. दारूच्या पुरते आहारी गेलेल्या दर ३८ माणसांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळाला होता. बाकीचे ३७ घरीच, शपथ घेत आणि मोडत.

आता ज्यांना उपचार मिळतो त्यांचे पाहू. ऊस तोडला म्हणजे रान मोकळे झाले असे आपण म्हणत नाही. बुडखा जमिनीत असतो आणि पाणी मिळाले की खोडव्याला फुटवे येतात. दवाखान्यात महिनाभर राहणे ही तोडणी झाली. माणूस घरी आला की तोच पार, तेच जोडीदार, तेच कर्ज आणि तीच संध्याकाळ. त्या संध्याकाळी त्याच्याजवळ कोण बसणार, यावर पुढचे सारे ठरते.

आपल्या भागात माळ घालून दारू सुटलेली माणसे आहेत. ती कशी सुटली? आमच्या मते नुसत्या माळेने सुटली नाही. माळ घातल्यावर संगत बदलली. संध्याकाळी भजनाला जायचे ठरले, एकादशीला चार माळकरी घरी येऊ लागले, आणि आपण चुकलो तर कोणाला तरी वाईट वाटेल, हे त्याला कळले. ही संगतीची शक्ती होय. तीच शक्ती पद्धतशीरपणे वापरण्याला आम्ही येथे 'समदुःखी माणसांचे मंडळ' म्हणत आहोत.

अक्रॉन गावची गोष्ट

या पद्धतीची सुरुवात अमेरिकेत १९३५ साली झाली. बिल विल्सन नावाचा एक शेअर दलाल होता. दारूपायी नोकरी गेली, पत गेली, चार वेळा इस्पितळ झाले. अखेर काही महिने तो दारूवाचून राहिला. मे महिन्यात धंद्याच्या कामासाठी तो ओहायो राज्यातल्या अक्रॉन गावी आला, आणि ते काम फिसकटले. परके गाव, खिशात पैसा नाही, आणि हॉटेलात एका बाजूला दारूचा बार. आता आपण घसरणार हे त्याला कळले. तेव्हा त्याने एक वेगळीच गोष्ट केली. त्याने टेलिफोन उचलला आणि या गावात दारूने बेजार झालेला दुसरा कोणी आहे का, याचा शोध घेतला.

असा माणूस सापडला. डॉ. बॉब स्मिथ हे स्वतः शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. दारूचे दुष्परिणाम त्यांना पुस्तकातून ठाऊक होते, तरी सुटत नव्हती. त्यांनी पंधरा मिनिटे देण्याचे कबूल केले होते, पण दोघांचे बोलणे कित्येक तास चालले. बिलने उपदेश केला नाही. आपले काय काय झाले तेवढे सांगितले. डॉक्टरांना उपदेश करणारे पुष्कळ भेटले होते. आपल्यासारखाच हा आहे असे वाटायला लावणारा हा पहिला माणूस. पुढे एकदा घसरून १० जून १९३५ रोजी डॉक्टरांनी शेवटची दारू घेतली. तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' म्हणजे 'ए.ए.' या संघटनेचा स्थापनादिन मानतात.

या गोष्टीतले मर्म असे, की बिल दुसऱ्याला वाचवायला निघाला नव्हता. तो स्वतः वाचण्यासाठी दुसऱ्याकडे गेला होता. दुसऱ्याला सांगता सांगता सांगणारा आधी सावरतो. सहकारातही असेच असते. सोसायटीत शेअर घेणारा दुसऱ्यावर उपकार करीत नाही. दोघांची गरज एक, म्हणून दोघे एकत्र येतात.

भारतात ए.ए.चे काम १९५७ साली सुरू झाले. आज महाराष्ट्रात अनेक शहरांतून मराठीत बैठका चालतात.

बैठक कशी चालते?

पुष्कळांना वाटते, तेथे काहीतरी मंत्रतंत्र असावे किंवा भाषणे होत असावीत. तसे नाही. आठ-दहा माणसे एका खोलीत गोल बसतात. तासाभराचा वेळ ठरलेला असतो. एकजण आपले पहिले नाव सांगतो आणि मला दारूचा आजार आहे असे म्हणतो. मग आपल्यावर काय गुदरले, कोणत्या दिवशी फार इच्छा झाली, ती वेळ कशी काढली, तेवढे बोलतो. मधे कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही, वाद घालीत नाही. नंतर दुसरा बोलतो. ज्याला बोलायचे नाही त्याने नुसते ऐकले तरी चालते.

वर्गणी नाही. शेवटी थाळी फिरते, ज्याला जमेल त्याने चहापुरते टाकावे. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा पाहिजे. जात, धर्म, पक्ष, शेअर किती, एकर किती, काही विचारीत नाहीत. येथे ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, हा पक्का नियम आहे. पूर्ण नाव न सांगण्याची पद्धत त्यासाठीच आहे.

जन्मभर सोडली असे कोणी म्हणत नाही. फक्त आजचा दिवस घ्यायची नाही, एवढेच म्हणतात. तोडणीची टोळी अख्ख्या फडाकडे पाहत बसत नाही, समोरची सरी धरते. तसेच हे. जुना माणूस नव्याला आपला फोन देऊन ठेवतो आणि इच्छा अनावर झाली तर घोट घेण्याआधी फोन कर, असे बजावतो. घसरलेला माणूस पुन्हा आला तर त्याला कोणी हाकलीत नाही. पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागतात.

याचा खरेच उपयोग होतो काय? २०२० साली या विषयावरचे २७ अभ्यास एकत्र तपासण्यात आले. त्यांत १०,५६५ माणसे होती. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत ए.ए.कडे नेणारी पद्धती इतर मान्य उपचारांच्या बरोबरीची, आणि काही बाबतींत त्यांच्यापेक्षा सरस ठरली. म्हणजे हा नुसता भाबडा विश्वास नव्हे.

घरच्यांचे काय?

खिडकीशी आलेली ती बाई आम्हांला येथे आठवते. नवरा बैठकीला जायला तयार नसेल तर तिने काय करावे?

ए.ए. सुरू झाल्यावर बिलची पत्नी लोइस हिच्या ध्यानात आले, की पुरुष आत बसून बोलतात आणि त्यांच्या बायका बाहेर ताटकळत असतात. त्याही आतून तितक्याच पोळलेल्या होत्या. त्यातून १९५१ साली घरच्यांसाठी 'अल-अॅनॉन' निघाले, आणि १९५७ साली अशा घरांतल्या वाढत्या मुलांसाठी वेगळे गट निघाले. पिणारा येवो न येवो, घरच्यांनी आपल्यासाठी यायचे.

या बैठकांत घरच्यांना हळूहळू काही गोष्टी उमजतात. पहिली अशी, की त्याच्या पिण्याला मी कारण नाही. आपल्याकडे सासू सुनेला म्हणते, "तू निट वागली असती तं थो पेला नसता." हे खरे नव्हे. दुसरी गोष्ट, बाटली लपवून, पाळत ठेवून, भांडून त्याची दारू मला थांबवता येत नाही. तिसरी आपल्या गावात फार महत्त्वाची आहे. मायेपोटी आपण जे करतो त्याने दारूलाच आधार मिळतो. दुकानाची उधारी बापाने फेडणे, कामावर आला नाही तर भावाने 'ताप आला' म्हणून सांगणे, रस्त्यात पडला तर रातोरात उचलून आणून सकाळी काही घडलेच नाही असे वागणे, या गोष्टींनी त्याला आपल्या दारूची किंमत कधी कळतच नाही. जीव वाचवायचा, जेवू घालायचे, आजारात दवाखान्यात न्यायचे. पण दारूची उधारी फेडायची नाही आणि त्याच्यासाठी खोटे बोलायचे नाही. आणि मारहाण होत असेल तर बाईने सोसत बसू नये. आधी स्वतःला आणि लेकरांना सुरक्षित जागी न्यावे. ही रेघ ओढणे एकट्या बाईला जड जाते. तिच्यासारख्या चौघी शेजारी बसल्या, की जमते.

पुण्याचे मुक्तांगण

महाराष्ट्रात या कामाला मोठे वळण लागले ते १९८६ साली. त्या काळी मुंबई-पुण्याच्या पोरांत गर्द नावाचे विष शिरले होते. अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी देणगी देऊ केली. अवचट यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. १९९७ साली त्या कर्करोगाने गेल्या. त्यानंतर त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी हे काम पुढे नेले.

मुक्तांगणची एक रीत आपण लक्षात ठेवण्याजोगी आहे. तेथून बरे झालेली कित्येक माणसे तेथेच कार्यकर्ते झाली. नवा रुग्ण दाखल होतो तेव्हा त्याच्याशी बोलणारा माणूस पुष्कळदा स्वतः त्याच खाटेवर झोपून गेलेला असतो. नवा माणूस थापा मारू लागला, तर तो हसतो, कारण त्या साऱ्या थापा त्याने स्वतः मारलेल्या असतात. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. घरी गेल्यानंतर ठिकठिकाणी पाठपुराव्याच्या बैठका होतात. व्यसनमुक्त राहून वर्ष पुरे झाले की त्या माणसाचा वाढदिवस साजरा करतात. जन्माचा नव्हे, सुटकेचा. घरची मंडळी त्या दिवशी व्यासपीठावर बोलतात.

हे आपल्या मातीला परके नाही

हे सारे शहरातले आणि परदेशातले, आपल्या वऱ्हाडात कसे चालेल, असे कोणी म्हणेल. आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एक मूल जन्मले. त्याच्या बापाला, झिंगराजीला, दारूने ग्रासले. होते नव्हते ते गेले, बापही गेला, आणि लहानगा डेबू मामाच्या घरी दापुऱ्याला ढोरे राखीत वाढला. तोच पुढे गाडगेबाबा झाला. स्वतःच्या लेकीच्या बारशाला त्याने जातरिवाजाची दारू आणि मटण बाजूला सारून गोड जेवण घातले, तेव्हा भाऊबंद रागावले. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरातल्या लेकराने हे केले होते, म्हणून त्यात वजन होते. बाबांच्या कीर्तनात नुसते ऐकायचे नसे. ते लोकांना प्रश्न विचारीत, लोक उत्तर देत, आणि देता देता लोकांना आपले आपणच कळे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीहून गावोगाव सामुदायिक प्रार्थनेची रीत लावली. रोज ठरल्या वेळी सर्वांनी एकत्र बसायचे, हे आपल्या गावांना शिकवावे लागत नाही. फक्त त्या बसण्यात मोकळे बोलणे आणायचे आहे.

मनाचे आजार

आतापर्यंत दारूविषयी लिहिले. गांजा आणि खर्रा यांनाही तेच लागू आहे. पण घरात दुसरेही दुःख असते आणि ते दारूपेक्षा जास्त झाकले जाते. कोणाला महिनोन्महिने उदास वाटते, वावरात जावेसे वाटत नाही, जेवण जात नाही, पहाटे दोनला जाग येते. कोणाला कानात आवाज ऐकू येतात, सारे गाव माझ्यावर टपले आहे असे वाटते. पहिल्याला आपण 'आळशी झाला' म्हणतो आणि दुसऱ्याला 'बाहेरचे झाले' म्हणून भगताकडे नेतो. पोरीचे लग्न मोडेल म्हणून भावाचा आजार लपवतो.

धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया हा मनाचा गंभीर आजार होता. आपल्यासारखी असंख्य कुटुंबे महाराष्ट्रात एकटीच झुंजत आहेत, हे जाणून त्यांनी १९९७ साली पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' ही संस्था काढली. रुग्णांचे आईबाप, भाऊबहिणी तेथे एकत्र बसतात. गोळ्या घ्यायला नकार दिला तर काय करावे, आपल्यामागे याचे कोण बघेल, या प्रश्नांची उत्तरे ज्यांनी दहा वर्षे ते भोगले ते देतात. २००४ साली आलेला 'देवराई' हा मराठी चित्रपट याच आजारावर होता. तोही वाणींच्या पाठबळाने निघाला.

आणि आता आपल्याच अमरावती जिल्ह्यातली गोष्ट. कास्तकारांच्या आत्महत्यांनी विदर्भ होरपळत असताना येथील ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले. त्यांनी घरोघर जाऊन बोलावे, ऐकावे, धीर द्यावा. गरज दिसली तर समुपदेशकाकडे आणि फारच झाले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे, अशी पायरीपायरीची व्यवस्था होती. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. उदासीनतेचा आजार असलेल्या शंभर माणसांपैकी पूर्वी जेमतेम ४ माणसे (४.३ टक्के) मदत घ्यायला जात. अठरा महिन्यांनी ते प्रमाण २७.२ टक्के झाले. गावे तीच होती. मधे ओळखीचे माणूस उभे राहिले, हा मोठा फरक.

मंडळाने काय करू नये

मंडळ म्हणजे दवाखाना नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पुढील गोष्टी प्रत्येक सभासदाने ध्यानात ठेवाव्यात.

१) रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी कोंडून एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत त्याला झटके येऊ शकतात, नसलेल्या वस्तू दिसू लागतात, प्रसंगी जीवही जातो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बंद करावी. झटका आला किंवा भ्रम झाला तर ताबडतोब १०८ ची गाडी बोलवावी.

२) 'नकळत दारू सोडवा' अशी पूड चहातून देऊ नये. दारू घेतली की त्रास होणारे डायसल्फिरॅमसारखे औषध रुग्णाच्या माहितीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचे असते. चोरून दिले आणि वरून तो प्यायला, तर जिवावर बेतते.

३) मनाच्या रुग्णाला साखळीने बांधू नये. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडात असलेले २८ रुग्ण जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बांधून ठेवण्यास मनाई आहे.

४) कोणी 'आता जगण्यात अर्थ नाही' असे म्हणाला तर ते थट्टेवारी नेऊ नये. सरळ विचारावे, "तुह्या मनात जीव द्यायचं येते काय?" विचारल्याने विचार वाढतो, ही भीती खोटी आहे. त्याला एकटे सोडू नये. फवारणीचे औषध घरात उघडे ठेवू नये, कुलूप लावून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. पोलिसांच्या भीतीने लपवू नये. वर सांगितलेला कायदा २०१८ पासून लागू आहे. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच तो धरून चालतो, आणि त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकतो.

५) डॉक्टरांच्या गोळ्या मंडळातल्या कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नयेत.

फोनवरून फुकट सल्ला हवा असेल तर मनाच्या त्रासासाठी 'टेलिमानस' चा क्रमांक १४४१६ आहे. तो ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. व्यसनासाठी १४४४६ आहे. पुढील उपचारासाठी अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय या सरकारी जागा आहेत.

चांदूर बाजारला कसे करता येईल?

येथे नेहमी एक अडचण सांगतात. "गावात सारे सार्याइले वळखतात, तिथं गुपित कसं राहीन?" अडचण खरी आहे. म्हणून मंडळ गावात न भरवता चांदूर बाजारला बाजाराच्या दिवशी भरवावे. त्या दिवशी शिरजगावचा माणूस आला काय आणि ब्राह्मणवाड्याचा आला काय, तुम्ही इथे कसे, असे कोणी विचारीत नाही. जागा साधी असावी, दारावर पाटी नको. सुरुवातीला दोन माणसे पुरेत. अक्रॉनलाही दोनच होती. वेळ मात्र चुकवू नये. कोणी आले नाही तरी ठरल्या दिवशी एकाने दार उघडून तासभर बसावे. बंद दार पाहून परत गेलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

बायकांची बैठक वेगळी ठेवावी. चालवणारीही त्यांच्यातलीच असावी. संचालक, पुढारी, कारखान्याचे अधिकारी यांनी आत बसू नये, आम्हीही बसणार नाही. उचल, कर्ज, तोडणीची पाळी यांचा आणि मंडळात येण्या-न येण्याचा काडीचा संबंध असू नये. तोडणी टोळीतल्या मजुरांनाही दार मोकळे असावे. वर्षातून दोन-तीनदा डॉक्टरांना बोलावून शंका विचाराव्यात, म्हणजे मंडळ आणि दवाखाना यांचा धागा जुळून राहील.

पण हे सारे एका गोष्टीवर अडले आहे. आपल्या सभासदांत दारू सोडून पाच-दहा वर्षे झालेली माणसे आहेत. आम्हांला काही ठाऊक आहेत. ती गप्प असतात, कारण जुने उकरले की लाज वाटते. त्यांना आमची हात जोडून विनंती आहे. भाऊ, तुम्हांला ज्याची लाज वाटते तीच तुमची पुंजी आहे. ती दुसऱ्या कोणाजवळ नाही, डॉक्टराजवळ नाही, आमच्याजवळ तर नाहीच. बँकेत ठेवलेला पैसा वाढतो, ही पुंजी मात्र वाटली तरच टिकते. ज्या आईबापांनी मनाच्या आजाराचे लेकरू सांभाळून मार्गी लावले, ज्या बाईने पिणाऱ्या नवऱ्याच्या संसारात लेकरे शिकवली, त्यांनाही आमचे हेच सांगणे आहे. अशा कोणाची तयारी असेल तर गट कार्यालयात नुसता निरोप द्यावा. कशासाठी ते कोणी विचारणार नाही. मागची खोली आठवड्यातून एक तास रिकामी करून देण्याचे आम्ही बघतो.

हिशेबाच्या खिडकीशी आलेल्या बाईला आम्ही अजून उत्तर दिलेले नाही. नियम बदललेला नाही आणि बदलणारही नाही. पुढल्या हंगामात बिल पुन्हा त्याच्याच खात्यात जाईल. पण ती पुन्हा आली, तर यंदा आम्हांला एवढे तरी सांगता आले पाहिजे, "बाई, तुमच्यावाणीच एक जणी मागच्या खोलीत बसली आहे. तिच्याजवळ जा, चहा घ्या, आणि बोला."

विना सहकार नाही उद्धार, असे आपण दर सभेत म्हणतो. उसापुरते ते आपण खरे करून दाखवले आहे. आता माणसांपुरते करू या.

कळावे.